पांढरीतल्या दगडावरच्या रेघा

अप्पा, गेल्या महिन्यात एका सभेत मी तुमच्याविषयी बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जे बोलले त्यातली एकही घटना खोटी नव्हती. घटनांच्या बाबतीत माझ्याकडून चूक होत नाही, हे तुम्हीच मला लावलेलं वळण. मला शाल देण्यात आली, आणि गंगाखेड तालुक्यातल्या खेड्यातली मुलगी आयर्लंडच्या ओघम शिळांकडे कशी वळली, असं विचारण्यात आलं. तेव्हा मी तुमच्या त्या सकाळची गोष्ट सांगितली: एका मोठ्या अधिकाऱ्यापुढे, भरल्या गावापुढे, खेड्यातला एक मास्तर उभा राहून ‘मी चुकलो’ म्हणतो. मग मी थोडी थांबले, जशी अशा ठिकाणी थांबण्याची मला सवय झाली आहे, आणि म्हणाले, ‘शास्त्र म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.’ पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदरानं डोळे टिपले. घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. एका निराधार रेघेसाठी मी विद्यार्थ्यांचे निबंध परत केले आहेत, नावाजलेल्या लोकांची वाचनं छापील कागदावर मोडीत काढली आहेत. आणि स्वतःच्या आयुष्याचं असलं गुळगुळीत वाचन मी शेदोनशे माणसांपुढे केलं. ते दुरुस्त करायचं, तर तुमच्यापुढेच करायला हवं.

पुस्तकापासून सुरुवात करते, कारण सगळं त्या पुस्तकानं सुरू झालं. निजामाच्या राज्यातली ती शेवटची काही वर्षं. राणीसावरगावच्या पलीकडच्या आपल्या गावात सरकारी तहतानिया होती, म्हणजे चौथीपर्यंतची शाळा, आणि तुम्ही तिचे एकटे मास्तर. शाळा तपासायला परभणीहून मोहतमीम साहेब येत. विलायतेत शिकून आलेले, उंच, हळू बोलणारे, जुन्या दगडांचे वेडे. या आडगावात मोडी, कानडी आणि फारसी तिन्ही वाचणारा मास्तर आहे, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की जाताना आपल्या पेटीतलं एक इंग्रजी पुस्तक ते तुमच्या हाती ठेवून गेले. त्या पुस्तकात ओघम होतं, आयर्लंडची जुनी लिपी.

तुम्ही ओसरीवर मांडी घालून बसला आहात. पुस्तक उपरण्यावर ठेवलेलं, खाली नाही. माझी पाटी तुम्ही उभी धरता आणि तिच्या लाकडी चौकटीच्या कडेवर खडूनं रेघा ओढता. ‘हे बघ, पोरी. आपण शिळेच्या अंगावर लिहितो. हे लोक तिच्या कडेवर लिहीत. कड म्हणजे ओळ. एक ते पाच रेघा उजवीकडं, एक ते पाच डावीकडं, काही तिरप्या, कडेला आरपार छेदणाऱ्या, आणि स्वरांसाठी नुसत्या खाचा. वाचायचं खालून वर, झाडावर चढल्यासारखं.’

‘आणि लिवलंय काय?’

‘नावं. अमक्याची शिळा, जो तमक्याचा लेक.’

‘बस?’

‘बस. मधला हा शब्द मकी, म्हणजे लेकाची. आपल्या सरकारी कागदात नाव वल्द बापाचं नाव लिहितात की नाही? तसंच.’

‘मंग तिकडंबी तहसील होती म्हणा की!’

तुम्ही इतके हसलात की आतून मायनं विचारलं, ‘काय झालं वो?’ दीड हजार वर्षांपूर्वीच्या, समुद्रापलीकडच्या माणसांविषयी आपण दोघं हसत होतो, आणि गावात ओघम हे नाव उच्चारणारी आपल्याखेरीज दुसरी माणसं नव्हती. त्या गर्वाची चव मला अजून आठवते. पुढे मला मिळालेला प्रत्येक मान मी त्याच चवीशी ताडून पाहिला आहे.

मग दगड निघाला. पावसाळ्याआधी बाया माळवदांवर घालायला पांढरी माती आणत, गावाबाहेरच्या जुन्या पांढरीतून, जिथं कधीकाळी आपलंच गाव वसलेलं होतं असं म्हणत. तिथं खणताना एकीची कुदळ वाजली. काळा, लांबट, माझ्या उंचीचा दगड, आणि त्याच्या एका कडेवर रेघाच रेघा. तीन एका ठिकाणी, थोडी जागा सोडून पाच, मग दोन, मग पुन्हा एक झुबका. पाटलांनी बैल लावून तो शाळेपुढं आणवला. लोक जमले. तुम्ही गुडघ्यांवर बसून कडेवरून बोट फिरवत होतात आणि तुमचे ओठ हलत होते.

‘मास्तर, काय म्हनायलंय धोंडं?’ पाटलांनी विचारलं.

‘अजून बोलत नाही.’

‘मंग शेंदूर लावू का? देव असंल तर बोलंल.’

‘शेंदूर लावला तर कायमचा मुका होईल, पाटील. हात लावू नका कुणी.’

लोक हसले, पण मान राखून हसले. त्या दिवसापासून दगडाजवळून जाताना म्हातारी माणसं पायातल्या वहाणा काढू लागली. मास्तर वाचायलेत म्हणजे काहीतरी असंलच, अशी तुमची पत होती.

तुमचा तर्क आज मला स्पष्ट सांगता येतो, कारण तुम्ही तो मलाच सांगत होतात. आयर्लंडची माणसं गोदावरीकाठी आली, असलं काही तुम्ही म्हणत नव्हता. तुम्ही म्हणत होता की कडेला ओळ मानून गटागटानं रेघा मारण्याची रीत दोन देशांत आपापली उगवू शकते. रीत तीच, भाषा आपली. अप्पा, तर्क सुंदर होता आणि कच्चा होता. एका दगडावरून लिपी ठरत नाही. ठरवायची तर तीच खूण दुसऱ्या ठिकाणी, त्याच क्रमानं भेटावी लागते. आज कुणी असा निबंध घेऊन आला तर मी पहिल्याच पानावर परत करीन. पाहा, हे लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

दगडाची नक्कल करण्याचं काम तुम्ही मला दिलंत. मी ते मन लावून केलं. पट्टी घेतली, रेघा सरळ केल्या, आणि जिथं एका झुबक्यात सहा होत्या तिथं पाच काढल्या, कारण पुस्तकात पाचाच्या वर काही नव्हतं. तुम्ही कागद पाहिलात, दगड पाहिलात, आणि कागद माझ्यासमोर फाडलात. मला तुम्ही कधी मारलं नाही. तो आवाज माराहून वाईट होता. ‘दगडावर आहे ते काढ. तुला हवं ते काढायचं असेल तर रांगोळी काढ, माय शिकवील.’ मी रडत पुन्हा सहा काढल्या. सहावी रेघ तुमच्या तर्काला मारक होती आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. दगडाला धक्का बसून ओरखडा उमटला असेल, असं तुम्ही म्हणालात. पण रेघ खोडू दिली नाहीत. त्या एका रागावण्यावर मी माझी सगळी विद्वत्ता उभी केली. सभेत मी हेही सांगितलं, आणि हे मात्र खरं सांगितलं.

नक्कल परभणीला गेली आणि मोहतमीम साहेबांचा निरोप आला. हिवाळ्याच्या दौऱ्यात ते स्वतः येणार होते. दगड अस्सल निघाला तर तो हैदराबादला न्यायचा, आणि अशा माणसाचं खेड्यात काय काम, म्हणून तुम्हाला परभणीच्या मोठ्या शाळेवर घ्यायचं. निरोप तुम्ही ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलात. मी चौथी संपवत होते. चौथीच्या पुढं मुलींना शाळा होती ती परभणीलाच. मायनं चुलीपुढून एवढंच म्हटलं, ‘परभणीला गेलो तर शिकंल पोरगी. न्हाई गेलो तर माझा भाऊ सोयरीक आनायलाच बसलाय.’ तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. त्या दिवसापासून दगड लेख आहे की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता संपला. तो लेखच असायला हवा होता. मी गावातल्या मुलींना सांगून टाकलं की मी चालले. आगगाडीत कुठल्या बाजूला बसायचं तेही ठरवलं.

साहेब यायच्या दिवशीची सकाळ. सुगीचे दिवस, ज्वारी काढणीला आलेली. परसदाराच्या पायरीवर माय बसली आहे आणि पायरीच्या कडेवर विळा घासते आहे, जसा दर सुगीला घासते. मागं-पुढं, मागं-पुढं, मग विळा थोडा सरकवून नवी जागा धरते. तुम्ही आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, हातात तांब्या घेऊन तिथून जात होतात आणि थांबलात. मीही तिथंच, गरम भाकरीची वाट पाहत. पायरीच्या कडेवर रेघा होत्या. तीन, मग जागा सोडून पाच, मग एक झुबका. त्या तिथं नेहमीच होत्या. मी त्यांच्यावर पाय देऊन मोठी झाले होते.

‘वाईच सरक,’ तुम्ही मायला म्हणालात. तांब्या खाली ठेवलात, विळा घेतलात आणि पात्याची धार एका खाचेत बसवून पाहिलीत. मग दुसऱ्या खाचेत.

‘अवो, हात कापंल. धोतराला डाग पडंल, साहेब यायलेत की आज!’

तुम्ही विळा घेऊन शाळेकडं गेलात. मी मागोमाग धावले. दगडापाशी बसून तुम्ही पातं त्याच्या रेघांत बसवत गेलात. मधे खोल, एका बाजूला निमुळती होत जाणारी, आतून गुळगुळीत खाच; छिन्नीनं पडणारी अशी नसते. सहावी रेघही बरोबर बसली. तो कुठल्या तरी घराची पायरी होता, अप्पा, आणि त्या घरातली कुठली तरी बाई, मग तिच्या सुना, पिढ्यानपिढ्या तिथं विळे घासत आल्या होत्या. तुम्हाला मी आहे हे ठाऊक होतं. मान न वळवता तुम्ही विचारलंत, ‘काय वाटतं तुला?’

‘लेखच हाय,’ मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडं वळून पाहिलंत. रागानं नाही. फार वेळ पाहिलंत, आणि मग विळा उपरण्यात गुंडाळलात.

बैलांची दमणी आली. साहेब उतरले, पाटलांनी हार घातला, पोरांनी रांगेत उभं राहून सलाम केले. साहेब दगडाजवळ बसले, टोपी काढली, खिशातून भिंग काढलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ‘वाह, मास्टर साहब. वाह.’ तेव्हा तुम्ही उपरणं सोडलंत आणि विळा बाहेर काढलात. मला वाटलं, जमीन फाटावी.

‘हुजूर, गलती हुई. ये लिखाई नहीं है. आज सुबह ही मालूम हुआ.’ आणि तुम्ही पातं खाचेत बसवून दाखवलंत, एकेक करून, शाळेत पाढा शिकवावा तसं.

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. पाटील कुजबुजले, पण ती कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली, ‘मास्तर, काय करायलाव हे? साहेब एवढ्या लांबून आलेत. ऱ्हाऊ द्या की, लेख म्हना!’

‘नाही म्हणता येत, पाटील.’

‘कुनाला कळनार हाय?’

साहेब उठले. ते चांगले गृहस्थ होते. मी नंतर त्यांना फार शिव्या दिल्या, पण ते चांगले होते. त्यांनी टोपी झटकली आणि हसून, म्हणजे हसण्याचा प्रयत्न करून म्हणाले, ‘तो हम इतनी दूर दरांती पढने आये थे!’ त्यांच्यासोबतचे कारकून हसले. कारकून हसले म्हणून पाटील हसले, पाटील हसले म्हणून गाव हसलं. दरांती म्हणजे विळा, हे ज्यांना कळलं नव्हतं तेही हसले. तुम्ही पुस्तक परत दिलंत, दोन्ही हातांनी. साहेबांनी चहा घेतला, शाळेच्या भिंती पाहिल्या आणि ऊन चढायच्या आत ते गेले. परभणीविषयी कुणी काही बोललं नाही. बोलायचं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर गावानं तुम्हाला सोडलं नाही. तुम्ही रस्त्यानं निघालात की पारावरून आवाज येई, ‘मास्तर, आमच्या म्हशीच्या पाठीवर लय रेघा हायती, येवडं वाचून जा की!’ तुम्ही थांबून म्हणायचात, ‘म्हैस धुऊन आण आधी, मग वाचतो.’ ते आणखी हसत. तुम्हालाही हसू येई, आणि तेच मला सहन होत नसे. दगड विहिरीजवळ टाकला गेला आणि बाया खरोखरच त्यावर विळे घासू लागल्या. ‘जा गं, लेखावर धार लावून ये,’ हे आपल्या गावात साधं वाक्य झालं. ज्या मुलींना मी आगगाडीचं सांगितलं होतं, त्या मला विचारत, ‘कवा जायलीस?’ मी तुमच्याबरोबर बाजाराला जाणं बंद केलं. तुम्ही पुढं आणि मी बरीच मागं, असं चालू लागले, म्हणजे कुणाला वाटू नये की मी तुमची. तुम्ही कधी मागं वळून हाक मारली नाहीत. चाल मात्र हळू केलीत.

सोयरीक तुम्ही परतवलीत, मामांशी भांडून. आणि मला घरी शिकायला बसवलंत: फारसी, कानडी, इंग्रजी, व्याकरण. मी शिकत होते, पण तुमच्याकडं पाहत नव्हते. प्रश्न विचारलात की भिंतीला उत्तर देत होते. निजामाचं राज्य गेलं, पुढं नव्या शाळा निघाल्या, मी वयानं मोठी होऊन लहान मुलींच्या वर्गात बसले आणि सगळ्यांच्या पुढं निघून गेले. तुमचं जाणं मला कॉलेजात असताना कळलं. मी परीक्षा देऊन मग आले. तोवर आपल्यातल्या रीतीप्रमाणं तुम्हाला पुरलेल्या जागेवरची माती बसली होती.

आयर्लंडला मी गेले तेव्हा माझं नाव झालं होतं. एका पडक्या ख्रिस्ती देवळाच्या भिंतीत, दाराच्या वर आडवी घातलेली ओघम शिळा मी पाहिली. तिथंही नंतरच्या लोकांनी जुन्या शिळा अशाच हाताला लागतील तशा वापरल्या होत्या. खालून वर वाचायची ओळ डावीकडून उजवीकडं पसरलेली. एका माणसाचं नाव, मग मकी, आणि त्यापुढं जिथं बापाचं नाव असायला हवं तिथं कड फुटलेली. बरोबरच्या विद्वानानं एक नाव सुचवलं. जागेत बसणारं, शोभणारं नाव. मी म्हणाले, दगडावर नाही ते मी लिहिणार नाही. त्यांनी कौतुकानं मान हलवली. त्यांना काय ठाऊक, त्या क्षणी माझ्या मनात भक्ती नव्हती, कृतज्ञता नव्हती. मनात होता तो संताप: या एवढ्याशा रेघांसाठी माझी वर्षं गेली, आणि त्या देवळापाशी पोचायला मला जितका उशीर झाला तेवढा सारा तुमच्या एका वाक्यामुळे झाला.

सभेत मी यातलं काही सांगितलं नाही. लोकांना वाटलं, त्या सकाळी एक बाप खरं बोलला आणि एका मुलीचे डोळे उघडले. अप्पा, डोळे वगैरे काही उघडले नाहीत. खरेपणा मी तुमच्याकडून घेतला तो दुसऱ्यांच्या चुका मोजायला. इतरांना मी जे एकदाही माफ केलं नाही, ते मला तुमच्याकडून हवं होतं. तुम्ही गप्प बसायला हवं होतंत. दगड हैदराबादला गेला असता, आपण परभणीला गेलो असतो. चूक फार काळ झाकून राहिली नसती; वीस-पंचवीस वर्षांनी कुणीतरी तपासली असती, त्या खाचा विळ्याच्या आहेत हे दाखवून दिलं असतं आणि तळटिपेत तुमच्या नावापुढं दोन कोरड्या ओळी लिहिल्या असत्या. आणि मी स्वतःला पुरती ओळखते. त्या दोन ओळी लिहिणारी बहुधा मीच असते, आणि ‘वडील’ हा शब्द मी त्यात येऊ दिला नसता.

हे सगळं ठाऊक असून, या वयात, इतकं वाचून झाल्यावर, आज तुम्ही पुन्हा त्या दगडापाशी बसून मला विचारलंत, तर मी पुन्हा लेखच आहे म्हणेन.